नादारीचा अर्ज टाकला तर वावर वाचते का?

शेतशिवार_घाटंजी (प्रश्न)

राम राम मंडळी. आमच्या भागातल्या एका कास्तकार घराचा हिशोब नावगाव सोडून मांडतो.

दोन गट आहेत. पहिला अडीच एकर, त्यावर सेवा सोसायटीचा इकरार (कर्जापोटी लिहून दिलेला बोजा). दुसरा दीड एकर, राष्ट्रीयीकृत बँकेला विहीर-पाइपलाइनसाठी गहाण. गावठाणात राहतं घर, एक बैलजोडी, हप्त्यावरचा ट्रॅक्टर.

देणं असं: सोसायटीचं पीककर्ज मुद्दल ९० हजार, आज व्याजासकट १ लाख ९५ हजार दाखवतात. बँकेचे २ लाख ४० हजार. ट्रॅक्टर फायनान्सचे ३ लाख ८० हजार. कृषी केंद्राची उधारी ७० हजार. विनापरवाना सावकाराचे दीड लाख, महिना ३ टक्क्यांनी. त्यानं तीन आठवड्यांपूर्वी पहिल्या गटातल्या एका एकराचं रजिस्टर खरेदीखत करून घेतलं, पैसे दिले की उलटवून देतो असं तोंडी ठरलं आहे, ताबा अजून कास्तकाराकडेच आहे. बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचे ३८ हजार. शिवाय साळ्याला पतसंस्थेत जामीन, तिथले १ लाख २० हजार थकीत. सगळं धरून बारा लाखांच्या जवळ.

तालुक्यावर एक जण म्हणतो, दिवाळखोरीचा नवा कायदा आला, अर्ज टाका, वर्षभरात सगळं माफ. दुसरा म्हणतो, वावर पोराच्या नावानं बक्षीसपत्र करून द्या, २०० रुपयांच्या स्टॅम्पवर होते. दोघांपैकी खरं कोण? आणि पैसे नाही भरले तर जेल होते का?

दिवाणी_बाजू

दोघंही घात करणार. आधी शब्दाचा घोळ काढू. आपल्याकडे शाळेत नादारी म्हणजे फी माफी, म्हणून कोर्टातली नादारीही माफीच वाटते. कोर्टातली नादारी म्हणजे जे आहे ते सगळं कोर्टाच्या हवाली करणं. माफी पुढे, मिळाली तर.

२०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता खरी आहे, एका वर्षात मुक्तीची तरतूदही तिच्यात आहे. पण व्यक्तींसाठीचा तिचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू केला. म्हणजे जिनिंगच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला हमी दिलेला माणूस त्या भागाखाली येतो, कास्तकार येत नाही. त्याच संहितेत गरिबांसाठी 'नवी सुरुवात' आहे: वर्षाचं उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नको. तीही कागदावरच आहे.

तुमच्या जिल्ह्यात चालतो तो प्रांतिक नादारी अधिनियम १९२०. अर्ज जिल्हा न्यायालयात. कलम १० प्रमाणे कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो, पण देणं ५०० रुपयांच्या वर हवं (हा आकडा १९२० पासून तसाच आहे), किंवा हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या निकालाच्या) बजावणीत अटक झालेली हवी, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू हवा. अर्जात प्रत्येक देणेकऱ्याचं (ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याचं) नाव-पत्ता, रक्कम, स्वतःची झाडून सगळी मालमत्ता आणि ती कुठे आहे हे लिहावं लागतं. एखादं वावर किंवा एखादं देणं मुद्दाम लपवलं तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद.

आता मुख्य गोष्ट. नादार ठरवल्याचा आदेश झाला की कलम २८ नुसार मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (कोर्टानं नेमलेल्या ताबेदाराकडे) जाते, तीही अर्जाच्या तारखेपासून. त्यानंतर मुक्ती मिळेपर्यंत वारसानं काही आलं तर तेही रिसीव्हरचं. वडिलांच्या नावावरचं वावर अजून वाटून आलेलं नसलेल्यांनी हे नीट वाचावं. आणि कलम २८(६) नुसार तारण असलेल्या देणेकऱ्याचा हात कोणी धरत नाही. बँकेचं गहाण, सोसायटीचा बोजा, ट्रॅक्टरचं तारण जागच्या जागी राहतं.

या घराच्या हिशोबाला लावून पाहा. बारा लाखांच्या देण्यात बँक, सोसायटी आणि ट्रॅक्टर हेच मोठे, मिळून आठ लाखांच्या वर, आणि तिघेही तारणवाले. नादारीनं दाबता येतात ते कृषी केंद्र आणि जामीनकी मिळून दोनेक लाख. त्यासाठी वावर रिसीव्हरच्या हाती द्यायचं? मायक्रोफायनान्स तर बायकोचं कर्ज आहे, नवऱ्याच्या अर्जात ते येतच नाही.

मुक्तीचंही सांगतो. आदेशात मुदत असते, तिच्या आत मुक्तीचा अर्ज केला नाही तर कलम ४३ खाली नादारीचा आदेशच रद्द होतो आणि देणेकरी पुन्हा मोकळे. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील तर त्याची कारणं पटवावी लागतात, नाहीतर पूर्ण मुक्ती नाकारतात. सरकारी देणं, फसवणुकीनं घेतलेलं कर्ज आणि पोटगी मुक्तीनंतरही राहते. जामीनदारही सुटत नाही. आणि मुक्ती न मिळालेला नादार ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकत नाही.

वावर असलेल्याला ढाल हवी तर ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे, आणि तिच्यासाठी नादार व्हावं लागत नाही. शेतकऱ्याचं स्वतः राहतं घर त्याच्या जागेसकट, शेतीची अवजारं, पोट भरायला लागतील तेवढी जनावरं आणि बियाणं, भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईनं धर्मरीतीप्रमाणे अंगावरून काढू नये असा दागिना, भविष्य निर्वाह निधी, स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम हे साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. वावर मात्र या यादीत नाही. लोक घर आणि वावर एकाच पारड्यात टाकतात, तिथंच फसतात.

घराचं संरक्षणही आपोआप मिळत नाही. 'शेतकरी' म्हणजे स्वतः कसणारा आणि मुख्यतः शेतीच्या मिळकतीवर जगणारा. ते दाखवायला सातबारा, ई-पीक पाहणीच्या नोंदी, ग्रामपंचायतीचा नमुना ८, रेशनकार्ड, आणि हरकत लिलावाच्या आधी. जे घर तुम्हीच बँकेला गहाण दिलं, त्याला त्या बँकेविरुद्ध कलम ६० लावता येत नाही.

शेतशिवार_घाटंजी

मग बक्षीसपत्राचं काय? आणि जेलचं राहिलं. अजून एक, काल समजलं की तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस येऊन नऊ दिवस झाले, घरात कोणी उघडलीच नाही.

सहकार_खात्यातून

तलाठी म्हणा की ग्राम महसूल अधिकारी म्हणा, नोटिशीची मुदत १५ दिवसांचीच आहे. सहा दिवस उरले. बाकी सगळं नंतर, आधी हे करा.

नोटीस नमुना ९ ची असेल. त्यावर लेखी हरकत द्या: हा व्यवहार सावकारीचा आहे, खरेदीखत तारण म्हणून झालं, ताबा आमच्याकडे आहे, आणि या गटावर सोसायटीचा इकरार आहे. हरकत आली की नोंद तक्रारी होते, आपोआप प्रमाणित होत नाही.

इकराराचा मुद्दा लोक विसरतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे इकरार केलेली जमीन सोसायटीचं कर्ज व्याजासकट फिटेपर्यंत विकता येत नाही, आणि त्याविरुद्ध केलेलं हस्तांतरण कायद्यानं निरर्थक आहे. ज्या इकराराच्या नावानं लोक बोटं मोडतात तोच इथे कामी येतो. सोसायटीच्या सचिवाकडून इकराराची प्रत आणि थकबाकीचा दाखला घेऊन हरकतीला जोडा.

हरकतीनं फक्त सातबाऱ्यावरची नोंद अडते, खरेदीखत उभंच राहतं. ते मोडायचं तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४, कलम १८. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. मागच्या १५ वर्षांतल्या व्यवहारात सावकारीपोटी जमीन गेली असेल तर चौकशी करून ती परत देण्याचा आदेश ते करू शकतात. पुरावा असा जमवा: खतातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातला फरक, खतानंतरही पेरणी आणि ई-पीक पाहणी कास्तकाराच्याच नावानं, व्याज दिल्याचे फोन-पे किंवा बँकेचे व्यवहार, त्याच सावकाराला अशीच खतं करून दिलेले दुसरे कास्तकार. शेवटचा पुरावा सगळ्यात जड पडतो, कारण एका खताला खरेदी म्हणता येते, सात खतांना नाही म्हणता येत.

परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणवर १२ टक्केच घेता येतात. इथे महिना ३ म्हणजे वर्षाला ३६. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या अर्जाची बोलणी सावकाराशी आधी करू नका, तो नवा कागद लिहून घेतो. घरातून कोरे चेक किंवा सही केलेले बॉण्ड गेले असतील तर त्यांचे क्रमांक तक्रारीत लिहा आणि बँकेला चेक थांबवायची सूचना द्या. त्यानंतरही चेक वटवायला टाकून परत आला तर कलम १३८ ची (चेक न वटल्याची) नोटीस येईल. तिला १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. ते प्रकरण फौजदारी आहे, नादारीच्या अर्जानंही थांबत नाही.

आता सोसायटीचे १ लाख ९५ हजार. शेतीकर्जावर सहकारी संस्थेला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४४अ. ९० हजारांवर जास्तीत जास्त ९० हजार व्याज, म्हणजे १ लाख ८० हजार. वरचे १५ हजार कशाचे ते विचारा. पण मधे कधी नवं-जुनं झालं असेल तर जुनं व्याज नव्या मुद्दलात गेलेलं असतं आणि सचिव त्यालाच मुद्दल म्हणतो. म्हणून सुरुवातीपासूनचा खातेउतारा मागा. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीची रक्कम जमा दिसते का तेही त्यातच बघा.

हे बोलायची जागा म्हणजे कलम १०१ ची सुनावणी, तालुक्याच्या सहायक निबंधकांपुढे. तिथे गैरहजर राहिलात तर वसुली दाखला निघतो, आणि मग कलम १५४ खाली पुनरीक्षणाला जायचं तर आधी दाखल्यातल्या रकमेचा अर्धा भाग भरावा लागतो. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत तो ९० हजार कुठून भरणार? दाखल्यानंतर नियम १०७ खाली मागणी नोटीस, जप्ती, लिलाव. लिलाव झालाच तर ३० दिवसांत थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून तो रद्द करून घेता येतो.

पतसंस्थेची जामीनकीही याच वाटेनं येणार. आधी साळ्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असा जामीनदाराला हक्क नाही, करार कायद्याच्या कलम १२८ नं जबाबदारी बरोबरीची आहे. सुनावणीत साळ्याच्या मालमत्तेची यादी गट नंबरासकट द्या म्हणजे जप्तीची सुरुवात तिथून व्हायची शक्यता वाढते. भरावे लागलेच तर पावती जपा, ते पैसे साळ्याकडून मागायचा हक्क कलम १४५ देतं. नात्यात वापरायचा की नाही ते घरानं ठरवावं.

कुटुंब आदिवासी असेल तर प्रश्न वेगळाच आहे. बिगर आदिवासीच्या नावानं खत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही, जमीन महसूल संहिता कलम ३६अ.

दिवाणी_बाजू

बक्षीसपत्र. नवरा-बायको, मुलं, नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे बरोबर. स्वस्त आहे म्हणून सुचवतात. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे देणेकऱ्यांना चकवायला केलेलं हस्तांतरण देणेकरी रद्द करून घेऊ शकतो. थकबाकीची नोटीस आल्यावर, बिनमोबदला, घरातल्याच माणसाला दिलं तर हेतू वेगळा सिद्ध करायला फारसं उरत नाही. नादारीत तर आणखी सोपं: अर्जाच्या आधी दोन वर्षांतलं बिनमोबदला हस्तांतरण कलम ५३ नं आणि तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला मुद्दाम झुकतं माप दिलेलं कलम ५४ नं उलटवता येतं. कलमांचा आकडा दोन्ही कायद्यांत ५३ आहे, घोळ करू नका. बोजा असलेल्या गटाचं बक्षीस दिलं तरी बोजा जमिनीबरोबरच जातो. म्हणजे या घरात पोराच्या हाती काही पडणार नाही, उलट कोर्टात बापाच्या शब्दाची किंमत जाईल.

बायकोच्या माहेरची जमीन किंवा तिच्या स्वतःच्या कमाईची वस्तू नवऱ्याच्या कर्जाला जात नाही, तिनं सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर. म्हणून कर्जाच्या कागदांवर तिची सही 'संमती' म्हणून आहे की 'सहकर्जदार' म्हणून, हे प्रत काढून बघा. मुलाचं सांगायचं तर ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ बापाचं ऋण म्हणून मुलावर दावा चालत नाही. पण एकत्र कुटुंबाच्या गरजेसाठी कर्त्यानं काढलेलं कर्ज कुटुंबाच्या मालमत्तेवर येतंच.

जेल. नुसते पैसे नाहीत म्हणून दिवाणी कैद होत नाही. ऐपत असून टाळतो, मालमत्ता लपवतो किंवा फुकटात वाटून टाकतो असं कोर्टाला पटावं लागतं (बक्षीसपत्राचा धोका इथेही आहे). जॉली जॉर्ज व्हर्गीस निकालात सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये हेच सांगितलं. रक्कम ५ हजारांच्या वर असेल तर जास्तीत जास्त तीन महिने, २ हजारांपर्यंत असेल तर कैदच नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६.

बँकेच्या दीड एकरावर सरफेसी (कोर्टात न जाता तारण जप्त करायचा बँकांचा कायदा) चालत नाही. कलम ३१ नं शेतजमिनीवरचं तारण त्या कायद्याच्या बाहेर ठेवलं आहे, पण जमीन प्रत्यक्ष शेतीत हवी, नुसता सातबारा पुरत नाही. तरी घाबरवायला कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस कधी कधी येते. 'ही शेतजमीन आहे' असं लेखी कळवा. बँकेला मग गहाणाचा दावा दिवाणी न्यायालयात लावावा लागतो, आणि त्यात प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पैसे भरायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळू शकते.

बँक_काउंटर

तडजोडीचं सांगतो. त्या दाव्याच्या आधी किंवा लोकअदालतीत एकरकमी परतफेडीची बोलणी होते. मंजुरीपत्र हाती येईपर्यंत पैसे भरू नका. त्यात रक्कम, शेवटची तारीख आणि बेबाकी (कर्ज फिटल्याचा दाखला) किती दिवसांत देणार हे लिहिलेलं हवं. पहिला हप्ता भरून दुसरा चुकला की योजना मोडते, आणि भरलेल्या पैशानं मुदतीचा काटा मात्र पुन्हा शून्यावर येतो. साध्या उधारीची मुदत तीन वर्षं, पण मुदतीच्या आत एखादी लेखी कबुली किंवा सहीनिशी अंशतः भरणा झाला की ती पुन्हा तीन वर्षं चालते. कृषी केंद्रवाला दरवर्षी उलंगवाडीला (कापसाचा हंगाम संपताना) वहीवर सही घेतो तो यासाठीच. देणं बुडवा असं म्हणत नाही, सही कशावर करतोय ते कळलं पाहिजे. पैसे फिटल्यावर बेबाकी घेऊन बोजा कमी करण्याचा फेरफार करायला विसरू नका, नाहीतर दहा वर्षांनी सातबाऱ्यावर बोजा तसाच दिसतो.

पीएम-किसान आणि नुकसानीच्या मदतीचं खातं कर्जवाल्या बँकेतच असेल तर ते होल्ड होऊन बसतं. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं काढा आणि आधारची जोडणी तिकडे वळवा. नुसतं खातं उघडून चालत नाही, थेट लाभाचे पैसे आधार जिथे शेवटचं जोडलं तिथेच जातात.

ट्रॅक्टर. अवजार म्हणून कलम ६० दाखवायचा मोह होईल, पण तो फायनान्सलाच तारण आहे. खरा तोटा ओढून नेल्यानंतर होतो: स्वस्तात विकतात आणि उरलेली रक्कम पुन्हा तुमच्याकडून मागतात. त्यापेक्षा स्वतः गिऱ्हाईक आणा, फायनान्सकडून बाकीचा लेखी आकडा घ्या, पैसे थेट त्यांच्या खात्यात, आणि नमुना ३५ वर सही घेऊन आरटीओत तारण उतरवा. ओढून न्यायला आलेच तर तास-मीटर, टायर, हूड, सोबतची अवजारं यांचे फोटो काढा आणि यादीवर त्यांची सही घ्या. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या करारात नसेल तर तो सोडवून ठेवा.

लवादाची नोटीस आली तर फेकू नका. दूरच्या शहरातला लवाद कंपनीनं एकतर्फी नेमला असेल तर त्याला हरकत घेता येते, सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. पण निवाडा झाल्यावर आव्हानाची मुदत तीन महिने, फार तर तीस दिवस वर. त्यानंतर तो हुकूमनाम्यासारखाच बजावतात.

मायक्रोफायनान्सचं कर्ज विनातारण असतं, वावराला हात लागत नाही. वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम. गटातल्या बायांनी एकमेकींची हमी सही केली असेल तर ओझं शेजारणीवर जातं, म्हणून हे ३८ हजार लहान असले तरी आधी मोकळे करा.

मक्त्याचं_वावर

ज्याच्या नावावर वावर नाही, मक्त्यानं करतो, आणि तारण नसलेली उधारीच चार-पाच लाख आहे, त्याला नादारी बसते का?

दिवाणी_बाजू

त्याला बसू शकते. जाण्यासारखं काही नाही, घर-बैल कलम ६० मध्ये, देणं सगळं विनातारण. अटकेच्या बजावणीत असेल तर १९२० च्या नादारी कायद्याच्या कलम ३१ खाली संरक्षणाचा आदेशही मागता येतो. फक्त आठ आण्यांची अट आणि मुक्तीच्या अर्जाची तारीख ध्यानात ठेवायची. पीक बुडाल्याचे पंचनामे आणि आणेवारीचे कागद इथे उपयोगी पडतात, रुपयाला आठ आणे का निघत नाहीत त्याचं कारण तेच.

शेतशिवार_घाटंजी

उद्या सकाळी हरकत देतो म्हणतात. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

सहकार_खात्यातून

हरकतीला वकील लागत नाही. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर त्याच दिवशी तहसीलच्या आवक विभागात द्या आणि पोच घेऊन स्पीड पोस्टनंही पाठवा. कलम १८ च्या अर्जासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, १५१०० वर फोन केला तरी चालतो. बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना खरेदीखताची सूची २, दोन्ही गटांचे सातबारे, आठ-अ आणि नोटिशीचं पाकीट न्या. पाकीट फाडून टाकलं नसेल तर बरं, नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते त्यावरच्या शिक्क्यावरून ठरतं.